रोमँ गारी: गोंकूर दोनदा – हे नेमकं जमवलं कसं?

अर्धविराम
नियम साधा आहे. गोंकूर हे फ्रेंच कादंबरीसाठीचं सर्वांत मानाचं पारितोषिक एका लेखकाला आयुष्यात एकदाच. फ्रेंच कादंबरीकार रोमँ गारीला ते १९५६ साली ‘ले रासीन द्यू सिएल’साठी मिळालं आणि १९७५ साली ‘ला वी दव्हाँ स्वा’साठी पुन्हा, एमिल अजार या नावानं. आपल्याकडे ही गोष्ट ‘टोपणनावानं लिहिलं आणि सगळ्या पॅरिसला उल्लू बनवलं’ एवढ्यावर आटोपतात. टोपणनाव घेणं हा काही पराक्रम नाही, मराठीत दर तिसरा कवी घेतो. मला कारागिरी समजून घ्यायची आहे. हस्तलिखित कुठून कुठं गेलं? प्रकाशकासमोर माणूस म्हणून कोणाला उभं केलं? गुपित किती जणांना ठाऊक होतं? कुठं फुटता फुटता राहिलं? आणि शेवटचा प्रश्न: ते दुसरं गोंकूर नियमात बसतं का?
‘काय रंगीत आयुष्य!’ छापाचे प्रतिसाद नकोत, ते विकिपीडियावर भरपूर आहे.

बिनकामाचा
काय रंगीत आयुष्य!

तळटीप
@अर्धविराम, क्रमानं सांगतो.
१९७४. गारी साठीला आलेला. पहिल्या गोंकूरला अठरा वर्षं झालेली. समीक्षकांच्या लेखी तो ‘माहीत असलेला’ लेखक: युद्धवीर, माजी राजदूत-खात्यातला, नटीचा माजी नवरा. नवीन पुस्तक आलं की न वाचताच परीक्षण लिहिता येईल, असा. अशा वेळी त्यानं ‘ग्रो-कालँ’ लिहिलं. पॅरिसमध्ये आकडेमोडीची नोकरी करणारा एक एकटा माणूस घरात अजगर पाळतो, ही गोष्ट.
हस्तलिखित ब्राझीलमधून आल्यासारखं पोहोचवायचं ठरलं. पिएर मिशो नावाचा मित्र मध्यस्थ झाला. सोबत लेखकाची गोष्टही तयार होती: अल्जीरियात वाढलेला, वैद्यकीचं शिक्षण घेतलेला तरुण, एका गर्भपाताच्या प्रकरणात अडकला म्हणून ब्राझीलला पळाला, फ्रान्सला येऊ शकत नाही. ही गोष्ट निवडण्यात डोकं आहे. गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारा व्हेय कायदा जानेवारी १९७५ चा. म्हणजे १९७४ मध्ये ‘समोर येऊ शकत नाही’ याला हे पूर्ण पटणारं कारण होतं, आणि ज्याला कळेल त्याची सहानुभूतीही मिळणार होती.
हस्तलिखित गेलं गारीच्याच प्रकाशकाकडे, गालीमारकडे. वाचन समितीनं ते गालीमारच्या मुख्य यादीत घेतलं नाही, ‘मर्क्यूर द फ्रांस’कडे वळवलं. मर्क्यूर ही गालीमारच्याच मालकीची संस्था, चालवत होत्या सिमोन गालीमार. म्हणजे गारी आणि अजार एकाच छपराखाली, आणि मर्क्यूर चालवणाऱ्यांना पत्ता नाही.
मर्क्यूरनं एक अट घातली, शेवटचा भाग काढायचा. गारीनं काढला. तो मूळ शेवट २००७ च्या आवृत्तीत छापला गेला. गोंकूरविजेता, आंतरराष्ट्रीय ख्यातीचा लेखक, नवख्यासारखा मुकाट्यानं प्रकरणं कापून देतो. वेषांतराची किंमत म्हणतात ती हीच.

बिनकामाचा
म्हणजे गडी रिटायरमेंटच्या वयात पुन्हा फ्रेशर म्हणून लागला, आणि पहिल्याच अप्रेझलला ऐकूनही घेतलं.

गोदाकाठ
गोंकूरची यंत्रणा कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून थोडं.
एदमों द गोंकूर १८९६ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रातून अकादमी उभी राहिली आणि पहिलं पारितोषिक १९०३ मध्ये दिलं गेलं. सभासद दहा. १९१४ पासून बैठक द्रुआँ या रेस्टॉरंटमध्ये, पॅरिसच्या ऑपेराजवळ. सप्टेंबरात लांब यादी, मग छोटी, मग अंतिम, आणि नोव्हेंबरात दुपारच्या जेवणाआधी निकाल. बहुमत होईपर्यंत फेऱ्या चालतात. चौदाव्या फेरीतही जमलं नाही तर अध्यक्षाचं मत दोन धरतात. मूळ रक्कम ५,००० फ्रँक होती, महागाई खात खात आता १० युरोचा चेक उरलाय. विजेते तो वटवत नाहीत, फ्रेम करतात. खरी कमाई पुस्तकावरच्या लाल पट्टीची: ती लागली की नाताळच्या आत लाखांत प्रती.
यातली महत्त्वाची गोष्ट ही की अर्ज करावा लागत नाही. लेखकानं हजर राहावं लागत नाही. ज्यूरीसमोर जातं ते पुस्तक. भोक तिथंच आहे.

रेवस
हीच गोष्ट लोक विसरतात. मुलाखत घेणारं पारितोषिक असतं तर अजार पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

मधुमालती
‘भोक’, ‘पकडला’... सगळे चोरीचा पंचनामा करताय. मुळात गारीला गोंकूर नकोच होतं, हे ध्यानात घ्या. ‘ग्रो-कालँ’चं नाव १९७४ मध्ये रनोदो पारितोषिकासाठी चर्चेत आलं, तेव्हा अजारच्या नावानं माघार घेतली. दुसरं बक्षीस लाटायचं असतं तर ते सोयीचं होतं, नियमाची आडकाठीही नव्हती. त्याला हवं होतं ते कोऱ्या पाटीनं वाचलं जाणं. बक्षीस ही त्या योजनेतली दुर्घटना होती, उद्दिष्ट नव्हे.

शंकेखोर
@मधुमालती, दुर्घटना म्हणणं फार झालं. ज्याला बक्षीस नको तो दुसऱ्या पुस्तकानंतर प्रकाशकाशी भेटायला माणूस कशाला पाठवेल?

तळटीप
तिथंच गाडी रुळावरून घसरली, आणि कशी ते नीट पाहण्यासारखं आहे.
‘ग्रो-कालँ’ गाजलं. लोक विचारू लागले, हा अजार कोण? रेमों कनो आहे, लुई आरागों आहे, असे नावाजलेल्या लेखकांवर तर्क झाले. नुसता कागदावरचा लेखक आता पुरेना. म्हणून गारीनं आपल्या आईकडच्या नात्यातल्या बहिणीचा मुलगा पोल पावलोविच याला अजार म्हणून उभं केलं. तेव्हा तिशीतला. मिशेल कुर्नो हे मर्क्यूरचे संपादक त्याला जिनिव्हात भेटले. मग १९७५ मध्ये ‘ला वी दव्हाँ स्वा’ आलं तेव्हा कोपनहेगनमध्ये सिमोन गालीमार भेटल्या आणि ‘ल माँद’ वृत्तपत्राच्या इव्हॉन बाबी यांनी मुलाखत घेतली. ठिकाणं मुद्दाम फ्रान्सबाहेरची, कारण गोष्टीप्रमाणे अजार फ्रान्सला येऊ शकत नव्हता.
चूक काय झाली? गारीची योजना होती की अजार धूसर राहावा, दंतकथेसारखा. पावलोविचनं स्वतःचा खरा फोटो आणि स्वतःच्या आयुष्यातले खरे तपशील देऊन टाकले. खोट्या माणसाला खरा चेहरा चिकटला की तपासायला धागा मिळतो. नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘ल प्वँ’ साप्ताहिकानं त्याला ओळखलं. फ्रान्सच्या लोत भागातल्या कानियाक-द्यू-कोस या खेड्यात राहणारा पावलोविच. आणि पावलोविच म्हटल्यावर पुढची पायरी आलीच: याचा मामा रोमँ गारी!

बिनकामाचा
मामाच्या गावाला जाऊया, गाडी थेट पॅरिसला.

खडीसाखर
म्हणजे इथं सगळं संपायला हवं होतं. मग १९८१ मध्ये उघड होईपर्यंत हे गुपित कसं टिकलं?

तळटीप
दोन गोष्टींमुळे. एक, गारीनं जाहीरपणे लेखी इन्कार केला की मी अजार नाही. दोन, ‘प्सूदो’.
हे दुसरं पाऊल पाहाच. नातं उघडं पडलं ना, ठीक. मग त्या नात्यालाच पुरावा करायचा. १९७६ मध्ये अजारचं तिसरं पुस्तक आलं: ‘प्सूदो’. निवेदक पोल पावलोविच, मनोरुग्ण, इस्पितळातून बोलतोय, आणि त्यात एक धनाढ्य, दिखाऊ, मुरलेला मामा आहे ज्याला तो ‘तोंतों माकूत’ म्हणतो. हे हैतीतल्या हुकूमशहा द्युव्हालिएच्या मारेकरी टोळीचं नाव. वाचकांनी मामाच्या जागी गारीला ओळखलं आणि निष्कर्ष काढला की भाच्याचा मामावर दात आहे, तेव्हा लेखक भाचाच. म्हणजे गारीनं स्वतःचं विद्रूप चित्र काढून स्वतःला संशयमुक्त केलं. त्यात ‘मी अजार नाही’, ‘मी बनावट आहे’ असं जवळजवळ उघड लिहिलंय, पण वेड्याच्या तोंडी असल्यानं कोणी गंभीरपणे घेतलं नाही.

रेवस
+१. सहा वर्षांतली ही सर्वांत अवघड उडी आणि लोक बोलतात फक्त ‘ला वी दव्हाँ स्वा’बद्दल.

ताम्हण
गुपित ठाऊक असणाऱ्यांची यादी गारीनं स्वतः ‘व्ही ए मॉर देमिल अजार’ (‘एमिल अजारचं जीवन आणि मृत्यू’) या चाळीसेक पानांच्या कबुलीच्या मजकुरात दिली आहे: ज्या सेक्रेटरीला तो मजकूर सांगायचा किंवा जी त्याच्या वह्यांवरून टंकलेखन करायची ती, मिशो, माजी पत्नी नटी जीन सीबर्ग, रोबेर गालीमार आणि काही वकील. पावलोविच कुटुंब अर्थातच. बोटांवर मोजण्याइतके, पण अगदी कमीही नाहीत. एवढ्यांनी तोंड बंद ठेवलं हे मला नावाच्या युक्तीपेक्षा मोठं वाटतं. आणि वकील मुद्दाम: उद्या पावलोविचनं किंवा त्याच्या वारसांनी ‘पुस्तकं माझीच’ म्हटलं असतं तर?

कोकणकडा
गारी वैमानिक होता ना? बॉम्बर उडवायचा असं वाचलंय. अशा माणसाला असली नाटकं सुचतात याचं नवल.

ताम्हण
@कोकणकडा, वैमानिक नाही, नॅव्हिगेटर. फरक मोठा आहे. लोरेन बॉम्बर गटात (ब्रिटिश हवाई दलाच्या हिशेबात ३४२ स्क्वॉड्रन) डग्लस बोस्टन विमानं होती. नॅव्हिगेटर पुढच्या काचेच्या नाकात एकटा, वैमानिकापासून वेगळा. रस्ता दाखवायचा, लक्ष्य जुळवायचं, बॉम्ब सोडायचे.
२५ जानेवारी १९४४ रोजी फ्रान्समधल्या व्ही-१ या जर्मन उडत्या बॉम्बच्या तळांवर हल्ला करताना वैमानिक आर्नो लाँजेच्या डोळ्यांना इजा झाली, त्याला दिसेना. गारीच्या पोटात जखम. गारीनं आवाजावर दिशा सांगत आधी बॉम्ब टाकून घेतले, मग विमान इंग्लंडला परत आणवलं. वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण अडकल्यानं त्याला उडी मारता येत नव्हती, म्हणून बाकीचेही थांबले. उतरणं तिसऱ्या प्रयत्नात जमलं. गारी पुढे कोंपानियों द ला लिबेरासियों झाला. द गोलनं दिलेला हा मान, एकूण १,०३८ जणांनाच.
आणि त्याआधीचा तपशील: सलों-द-प्रोव्हाँसच्या प्रशिक्षणात जवळपास ३०० जणांच्या तुकडीत अधिकारी न केलेला तोच एकटा. कारण नागरिकत्व १९३५ चं, म्हणजे ताजं.

शंकेखोर
‘एकटा’, ‘३००’ हे आकडे त्याच्याच पुस्तकातले. ‘ला प्रोमेस द लोब’ (१९६०) म्हणजे आत्मचरित्र नव्हे, हे या धाग्यावर कोणी तरी म्हणायला हवं.
ठोक उदाहरण. त्यात आई मरण्यापूर्वी अडीचशे पत्रं लिहून ठेवते, स्वित्झर्लंडमधली मैत्रीण ती एकेक करून मुलाला पाठवत राहते, आणि युद्ध संपवून तो नीसला परततो तेव्हा त्याला कळतं की आई साडेतीन वर्षांपूर्वीच गेली. अंगावर काटा येतो. पण मीना ओव्चिन्स्का १९४१ च्या फेब्रुवारीत वारल्याचं त्याला युद्धातच कळलं होतं. चरित्रकार मिरियाम आनिसिमोव्ह यांनी हे आणि असे पुष्कळ सांधे उसवले आहेत. बाप रशियन मूकपटांचा नट इव्हान मोझुखिन असावा, हे गारीनं पसरवलेलं सूचन. खरा बाप आर्ये-लेब कात्सेव, व्हिल्नाचा लोकरी कातड्यांचा व्यापारी. लेखकाचं जन्मनाव रोमान कात्सेव, जन्म १९१४, व्हिल्ना. आजचं व्हिल्न्यूस. त्यानं मुलाखतींत जन्मस्थळंही बदलून सांगितली आहेत.
म्हणून मला अजार प्रकरणाचं आश्चर्य नाही. हा माणूस जन्मापासूनच स्वतःची हस्तलिखितं ब्राझीलवरून पाठवत होता.

मधुमालती
@शंकेखोर, शेवटचं वाक्य झकास. पण ‘खोटं’ आणि ‘रचलेलं’ यात फरक करा. पत्रं नसतील, आईचा ध्यास होता. नीसमधलं ऑतेल-पांसियों मेर्मों चालवणारी, पोराला ‘तू फ्रान्सचा राजदूत होणार’ म्हणत राहणारी बाई खरी होती. आणि पोरगा राजनैतिक सेवेत गेलाच: सोफिया, बर्न, संयुक्त राष्ट्रांत न्यूयॉर्क, ला पाझ, शेवटी १९५६ ते ६० लॉस एंजेलिसला महावाणिज्यदूत.

गोदाकाठ
पहिल्या गोंकूरची बातमी त्याला बोलिव्हियात ला पाझला मिळाली. म्हणजे दोन्ही वेळा विजेता पॅरिसपासून दूर. पहिल्यांदा खरोखर, दुसऱ्यांदा कागदोपत्री.

अर्धविराम
विषय भरकटला तरी चालेल, पण एक विचारतो. शैलीवरून ओळखायला नको होतं का? समीक्षक काय करत होते?

मधुमालती
ओळखता येण्यासारखं पुष्कळ होतं.
एक: अजगर. गारीच्याच ‘शियँ ब्लां’मध्ये (१९७०) लॉस एंजेलिसचा ‘पीट द स्ट्रँग्लर’ नावाचा पाळीव अजगर आहे. चार वर्षांनी एक अनोळखी लेखक अजगराची कादंबरी घेऊन येतो आणि कोणी मागचं पान उलटत नाही.
दोन: ‘ल ग्राँ व्हेस्तिएर’ (१९४९). युद्धानंतरचा अनाथ पोरगा आणि त्याला आसरा देणारा म्हातारा. ‘ला वी दव्हाँ स्वा’मधला पोरका मोमो आणि त्याला सांभाळणारी म्हातारी मादाम रोझा यांचा आराखडा तिथे आहे.
तीन: वृत्ती. ज्यू विनोद, दुबळ्यांची बाजू, मोठ्या शब्दांची खिल्ली. ‘ला दाँस द जेंगिस कोन’ (१९६७) वाचलेल्याला अजार परका वाटायला नको.
पण गारी हा वाचून झालेला लेखक होता. जुनी पुस्तकं कोणी परत काढत नाही. ‘व्ही ए मॉर’मध्ये तो सांगतो, एका साप्ताहिकाच्या समीक्षकानं ‘गारीला असं लिहिणं शक्यच नाही’ असा निर्वाळा दिला होता. उलट एका तरुण पत्रकार बाईनं पुस्तकं शेजारी ठेवून त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

तळटीप
मात्र हेही लक्षात घ्या की अजारचा आवाज खरोखर वेगळा आहे. गारीच्या स्वतःच्या कादंबऱ्या लांब वाक्यांच्या, थोड्या ऐसपैस. ‘ले रासीन’च्या वेळी तर ‘याचं फ्रेंच ढिलं आहे’ अशी ओरड झाली होती. अजारमध्ये वाक्य चुकतं ते हुशारीनं: वाक्प्रचार अर्धवट ऐकलेल्या पोराचे, कायद्याची भाषा चुकीच्या जागी, शहाणपण भलत्याच वाटेनं बाहेर येतं. ज्याला ‘चुकीचं फ्रेंच’ म्हणून हिणवलं गेलं होतं, त्यानं चुकीचं फ्रेंच हेच हत्यार केलं. हा हिशेब मला फार आवडतो.

फ्रेंचबीटू
शिकणाऱ्यांसाठी व्यावहारिक सूचना: ‘ला वी दव्हाँ स्वा’ पहिलं पुस्तक म्हणून उचलू नका. वाक्यं सोपी दिसतात, पण गंमत कळायला मूळ वाक्प्रचार आधी माहीत हवा. मोमोचं चुकलेलं फ्रेंच बरोबर समजून पाठ केलंत तर परीक्षेत गुण गेलेच. ‘ला प्रोमेस द लोब’ने सुरुवात करा, प्रकरणं छोटी आहेत आणि भाषा सरळ आहे.

खडीसाखर
इंग्रजीत काय काय आहे?

फ्रेंचबीटू
बरंच आहे.
‘ला वी दव्हाँ स्वा’: राल्फ मॅनहाइमचा अनुवाद, आधी ‘मोमो’ नावानं, नंतर ‘द लाइफ बिफोर अस’.
‘प्सूदो’: डेव्हिड बेलोसचा ‘होकस बोगस’, २०१०. त्याच पुस्तकात ‘व्ही ए मॉर देमिल अजार’चा बार्बरा राइटनं केलेला अनुवाद जोडलेला आहे. या धाग्यावरच्या लोकांनी घ्यावं ते हेच एक.
‘लांग्वास द्यू र्वा सालोमों’: ‘किंग सॉलोमन’, तोही बार्बरा राइटचा.
शेवटची कादंबरी ‘ले सेर्फ-व्होलाँ’ (१९८०): ‘द काइट्स’, २०१७ पर्यंत इंग्रजीत नव्हती.
‘ला प्रोमेस द लोब’च्या इंग्रजी ‘प्रॉमिस ॲट डॉन’वर अनुवादक म्हणून जॉन मार्कहॅम बीच असं नाव दिसेल. तो शोधायला जाऊ नका. तोही गारीच.

बिनकामाचा
अरे, या इमारतीत गारीशिवाय कोणी राहतं की नाही?

ताम्हण
रांगच आहे. १९५८ ला फोस्को सिनिबाल्डी नावानं संयुक्त राष्ट्रांवरची टवाळी ‘लोम आ ला कोलोंब’, कारण तो नोकरीत होता. १९७४ ला शातान बोगात नावानं हेरकथा ‘ले तेत द स्तेफानी’, ‘अमेरिकनवरून अनुवाद: फ्रांस्वाज लोव्हा’ अशी टीप. लेखक बनावट, अनुवादिकाही बनावट. ‘ला न्वी स्रा काल्म’ हे त्याच वर्षीचं, फ्रांस्वा बोंदीनं घेतलेल्या मुलाखतींचं पुस्तक म्हणून निघालं; त्यातले प्रश्नही गारीनंच लिहिलेले.
एका वर्षात गारी, बोगात आणि अजार. तिघांचं वेळापत्रक सांभाळणारी ती सेक्रेटरी!

रेवस
अवांतर: आपल्याकडे ‘ललित’मधला ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी हे वाचकांना बऱ्यापैकी ठाऊक होतं. गडकरी कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. दारावरच्या पाट्या निरनिराळ्या, पण घरमालक सगळ्यांना माहीत. अजार त्या जातीचा नव्हे. इथे दुसऱ्या पाटीमागे जिवंत माणूस बसवला होता, आणि पुढे त्या माणसाला मर्क्यूरमध्येच साहित्य सल्लागाराची नोकरीही मिळाली.

खडीसाखर
काय सांगता! अजार म्हणून?

रेवस
हो. अजारच्या कीर्तीवर. पावलोविचची बाजूही पाहा: बाहेर लोक गोंकूरविजेता म्हणून पाहतात, घरी एक ओळ आपली नाही. त्यानं १ जुलै १९८१ ला ‘लोम क लों क्रुआये’ हे पुस्तक काढून सगळं सांगितलं, ३ तारखेला ‘आपोस्त्रोफ’ या टीव्ही कार्यक्रमात आला. गारीचा स्वतःचा मजकूर, ‘व्ही ए मॉर’, त्याच्या मृत्यूनंतर १७ जुलैला आला. म्हणजे लेखकाच्या कबुलीआधी पात्र बोललं.

कोकणकडा
गारीनं आत्महत्या सीबर्गच्या दुःखात केली ना? ती तर वर्षभर आधी गेली होती.

ताम्हण
नाही म्हणून तोच लिहून गेला आहे. २ डिसेंबर १९८०, रू द्यू बाकमधलं घर. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत ‘जीन सीबर्गशी काही संबंध नाही’ असं पहिल्याच ओळींत. ‘व्ही ए मॉर’वर तारीख मार्च १९७९ ची आहे, सीबर्ग गेली त्याच वर्षी ऑगस्टअखेर. म्हणजे निरोपाचा मजकूर तिच्या मृत्यूआधीच तयार होता.
तिच्याबद्दल एवढंच: १९७० मध्ये ती गरोदर असताना ‘मूल ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल संघटनेतल्या माणसाचं’ ही अफवा एफबीआयनं पेरली होती, हे त्यांच्याच कागदपत्रांतून नंतर उघड झालं. मुलगी दोन दिवस जगली. तेव्हा तिच्यावर गॉसिप नको.

कोकणकडा
बरोबर. धन्यवाद.

गोदाकाठ
चित्रपटांचं कोणी काढलं नाही. ‘ला वी दव्हाँ स्वा’वरच्या मोशे मिझराहींच्या ‘मादाम रोझा’ला (१९७७) परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, सिमोन सिन्योरे प्रमुख भूमिकेत. ते झालं तेव्हाही खरा लेखक गप्पच. २०२० मध्ये सोफिया लॉरेनला घेऊन इटालियन रूप आलं, पॅरिसचं बेलव्हिल जाऊन बारी आलं.

शंकेखोर
२०२० चा ठीकठाक. सहाव्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढणारी, ९५ किलोची, आउशवित्झमधून वाचलेली म्हातारी हा कादंबरीचा कणा आहे. जिना काढला की अर्धं पुस्तक गेलं.

अर्धविराम
आता मूळ शेवटचा प्रश्न. दुसरं गोंकूर नियमात बसतं का?

गोदाकाठ
अजारनं ते नाकारलं होतं. १७ नोव्हेंबर १९७५ ला निकाल लागला आणि काही दिवसांत वकील जिझेल हालिमी (बोबिन्यीच्या गर्भपात खटल्यातल्या) यांच्यामार्फत नकाराचं पत्र गेलं. अकादमीचे अध्यक्ष एर्वे बाझँ यांचं उत्तर असं की अकादमी पुस्तकाला मत देते, उमेदवाराला नाही. हे पारितोषिक स्वीकारता येत नाही तसंच नाकारताही येत नाही. १९५१ मध्ये लेखक ज्युलिएँ ग्राकनं नाकारलं, तरी यादीत तो आहेच.
म्हणजे तांत्रिक उत्तर: ज्यूरीनं नियम मोडला नाही, कारण त्यांच्यासमोर अजार होता. गारीनं मोडला असं म्हणावं तर त्यानं अर्ज केला नव्हता आणि बक्षीस नाकारलंही होतं. आणि १९८१ नंतर ते काढून घेण्यात आलं नाही. यादीत १९७५ समोर एमिल अजारच आहे.

शंकेखोर
बाझँच्या उत्तरातच त्यांचा घात झाला. ‘पुस्तकाला देतो, माणसाला नाही’ असं म्हटलंत, तर ‘एका माणसाला एकदाच’ हा नियम कुठल्या तोंडानं सांगता?

मधुमालती
अगदी. हे मी धाग्याच्या सुरुवातीलाच म्हणत होते.

शंकेखोर
तुम्ही ‘दुर्घटना’ म्हणत होता, ते अजून मान्य नाही. कोपनहेगनला माणूस पाठवणं ही दुर्घटना नसते.

तळटीप
एक भर. २०१९ मध्ये प्लेयाद या गालीमारच्या मानाच्या अभिजात ग्रंथमालेत गारीचे दोन खंड आले, त्यात अजारच्या कादंबऱ्या गारीच्या नावाखाली घेतल्या आहेत. गोंकूरच्या यादीत दोन माणसं, प्लेयादमध्ये एक. दोन्ही फ्रान्समधल्याच मान्यताप्राप्त नोंदी. आता अर्धविराम, तुमच्या कपाटात ही पुस्तकं ‘ग’ खाली लावायची की ‘अ’ खाली ते ठरवा.

बिनकामाचा
मर्क्यूरच्या जुन्या प्रती ‘अ’ खाली, प्लेयाद ‘ग’ खाली. आणि ‘प्सूदो’ उशीखाली, मामा आला की लपवायला.

अर्धविराम
‘होकस बोगस’ मागवतोय. @फ्रेंचबीटू, ‘ग्रो-कालँ’ची ती मूळ शेवट असलेली आवृत्ती साध्या खिशात मावणाऱ्या मालिकेत मिळते का?

फ्रेंचबीटू
मागवण्याआधी फोलियो (गालीमारची खिशात मावणारी मालिका) किंवा मर्क्यूरच्या प्रतीचं छपाईवर्ष बघा. २००७ च्या आधीची असेल तर तो भाग नक्की नसणार. नंतरची असली तरी विक्रेत्याला अनुक्रमणिकेचा फोटो पाठवायला सांगा. मुख्य कादंबरी संपल्यावर शेवटाचा मजकूर वेगळा दिलेला दिसला, तरच घ्या.